देणे आणि इच्छा : ‘शॅल’ व ‘विल’चा मागोवा

भारतीय राज्यघटनेचा अनुच्छेद ७४ मंत्रिमंडळाविषयी आहे. राष्ट्रपतींना साहाय्य आणि सल्ला देण्यासाठी पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली मंत्रिमंडळ असेल, एवढेच १९५० साली त्यात लिहिलेले होते. तो सल्ला राष्ट्रपतींनी मानलाच पाहिजे का, याबद्दल तिथे अवाक्षर नव्हते. डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी १९६० साली, राष्ट्रपतिपदावर असतानाच, हा प्रश्न अभ्यासला जावा असे जाहीर भाषणात सांगितले. १९७४ साली शमशेर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सल्ला बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले. तरीही दोन वर्षांनी ४२व्या घटनादुरुस्तीने त्या अनुच्छेदात हात घातला आणि राष्ट्रपतींनी सल्ल्यानुसार वागण्याच्या क्रियेला ‘शॅल’ हे सहायक क्रियापद जोडले. पुढे १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने थोडी मोकळीक दिली. राष्ट्रपती मंत्रिमंडळाला एकदा फेरविचार करायला सांगू शकतात, तिथे ‘मे’ आले. फेरविचारानंतर आलेला सल्ला मात्र मानायचाच, तिथे पुन्हा ‘शॅल’.

देशाच्या सर्वोच्च पदाला बांधून घालणारा हा शब्द आपल्या ओळखीचा आहे, पण शाळेत त्याची ओळख अगदी वेगळी करून दिलेली असते. ‘आय’ आणि ‘वी’ यांच्यापुढे ‘शॅल’, बाकी सगळ्यांपुढे ‘विल’, आणि दोन्हींचा अर्थ एकच, भविष्यकाळ. मराठी माध्यमातल्या कित्येक पिढ्यांनी हे कोष्टक घोकले आणि परीक्षेत रिकाम्या जागा भरल्या. ‘मी जाईन’ सांगणारा शब्द राष्ट्रपतींवर हुकूम कसा चालवतो, हा प्रश्न वर्गात कधी निघत नाही. त्याचे उत्तर शोधायला बरेच मागे जावे लागते, आणि ती वाट माझ्या मते इंग्रजी व्याकरणातल्या सर्वांत सुंदर वाटांपैकी एक आहे.

‘शॅल’चा मूळ अर्थ आहे देणे लागणे. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने बायबलचे गॉथिक भाषेत भाषांतर केले. इंग्रजीच्या या दूरच्या चुलत भाषेतला तो मजकूर आज मुख्यतः स्वीडनमधल्या उप्साला इथे जपलेल्या एका हस्तलिखितामुळे आपल्याला वाचायला मिळतो. लूकच्या शुभवर्तमानात एका कारभाऱ्याची गोष्ट आहे. तो मालकाच्या ऋणकोंना एकेक करून बोलावतो आणि विचारतो, तुझ्याकडे माझ्या धन्याचे येणे किती? तिथे वुल्फिलाने वापरलेले क्रियापद आहे ‘स्काल्ट’. त्याचा अर्थ ‘तू देणे लागतोस’. १६११ च्या राजा जेम्सच्या बायबलमध्ये देवाच्या दहा आज्ञा ज्या ‘शॅल्ट’ने सांगितल्या आहेत, तो याच घराण्यातला. जर्मनमध्ये आजही ‘शुल्ट’ म्हणजे कर्ज आणि अपराध, दोन्ही. इंग्रजीतला तसा नामशब्द लोपला, पण क्रियापद उरले. चौदाव्या शतकात चॉसरच्या ‘ट्रॉइलस अँड क्रिसेड’ या काव्यात देवाशी असलेल्या निष्ठेच्या संदर्भात ‘शॅल’ अजून जुन्या अर्थाने येते. ती निष्ठा बोलणारा देवाला देणे लागतो.

‘विल’चे मूळ इच्छेत आहे. जर्मन माणूस ‘इख विल’ म्हणतो तेव्हा तो भविष्य सांगत नसतो, ‘मला हवे आहे’ एवढेच म्हणत असतो. लॅटिनमधले ‘व्होलो’ याच धातूचे आणि त्या कुळातून आलेला ‘व्हॉलंटिअर’ आपण गणेशोत्सवात रोज वापरतो. संस्कृतमधला ‘वृ’, म्हणजे निवडणे, पसंत करणे, हाही याच मुळाचा. वरणे, वर, स्वयंवर हे आपल्या घरातले शब्द आणि ‘विल’ यांचे नाते हे असे आहे. इंग्रजीत ‘विल’ नाम म्हणूनही टिकले. मृत माणसाची शेवटची इच्छा कागदावर उतरते तेव्हा आपणही ‘आजोबांनी विल करून ठेवलंय’ असेच म्हणतो.

तेव्हा एकीकडे देणे, दुसरीकडे इच्छा. जे करणे माझ्यावर आहे ते आणि जे करावेसे मला वाटते ते. इंग्रजीने आपला भविष्यकाळ या दोन वस्तूंमधून घडवला. तो का घडवावा लागला, याचे कारण साधे आहे. जुन्या इंग्रजीत क्रियापदाला वर्तमान आणि भूत ही दोनच रूपे होती. उद्याची गोष्ट वर्तमानकाळातच सांगत, मराठीत आपण ‘उद्या येतो’ म्हणतो तशी. साधारण इसवी सन १००० च्या सुमारास एल्फ्रिक या धर्मगुरूने इंग्रजी मुलांसाठी लॅटिनचे व्याकरण लिहिले. लॅटिनमध्ये भविष्यकाळाचे स्वतंत्र रूप आहे, इंग्रजीत नाही. ते समजावताना त्याने इंग्रजी वर्तमानकाळाच्या रूपालाच पुढचा काळ दाखवणारे शब्द जोडले. भविष्यासाठी वेगळे साधन त्याच्या भाषेत अजून पक्के झालेले नव्हते.

इथे थोडे थांबून ‘शॅल’च्या रूपाकडे पाहायला हवे. ‘ही गोज’, ‘ही कम्स’ असे म्हणणारी इंग्रजी ‘ही शॅल्स’ का म्हणत नाही? कारण ‘शॅल’ हे मुळात भूतकाळाचे रूप आहे. फार प्राचीन काळी त्याचा अर्थ ‘माझ्यावर देणे झाले’ असा काहीसा होता. जे देणे झाले ते आता आहेच, म्हणून भूतकाळाचे रूप वर्तमानाचा अर्थ देऊ लागले. भूतकाळी रूपाला तृतीयपुरुषी प्रत्यय लागत नसे, तो आजतागायत लागलेला नाही. ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’ यांचीही कुळकथा अशीच आहे. ‘विल’ जन्माने त्या कुळातले नव्हे, त्याचे जुने रूप इच्छार्थी होते. पण त्यांच्या संगतीत राहून तेही त्यांच्यासारखेच वागू लागले. आपल्या ‘पाहिजे’चा प्रवास जवळपास असाच झाला आहे. जुन्या मराठीत ‘करिजे’, ‘म्हणिजे’ ही कर्मणी रूपे होती. ‘पाहिजे’ म्हणजे ‘पाहिले जाते’, ‘ज्याची वाट पाहिली जाते’. तिथून ते ‘हवे आहे’ झाले, तिथून ‘केले पाहिजे’ असे कर्तव्य सांगू लागले, आणि त्याचा पाहण्याशी असलेला संबंध बोलणाऱ्याच्या मनातून पुसला गेला. ज्या क्रियापदांकडे भाषा असले जड काम सोपवते, त्यांचे मूळ अर्थ झिजतातच.

मध्ययुगात दोन्ही शब्द भविष्याकडे सरकू लागले. चौदाव्या शतकाच्या शेवटी जॉन विक्लिफच्या अनुयायांनी बायबल इंग्रजीत आणले, तेव्हा लॅटिन भविष्यकाळासाठी त्यांनी नेमाने ‘शॅल’ वापरले आणि ‘विल’ इच्छेसाठी राखून ठेवले. पाठशाळांमध्ये लॅटिन शिकवण्याचीही हीच रीत होती. त्यामुळे ‘शॅल’ला ग्रंथांचे, धर्माचे, अधिकाराचे वजन आले. बोलीत मात्र ‘विल’ पसरत गेले. हे पसरणे समजण्यासारखे आहे. एखादी गोष्ट करायची इच्छा आहे असे कोणी म्हणाले, की ती तो करील असे ऐकणारा गृहीत धरतो. हळूहळू इच्छा मागे पडते, ‘करील’ तेवढे उरते. मग निर्जीव वस्तूंनाही ‘विल’ लागू होते. दार उघडत नसले की इंग्रज ‘वोन्ट’ म्हणतो. दाराला इच्छा नाही, असाच त्याचा मूळ अर्थ. आपणही ‘गाडी सुरूच व्हायला तयार नाही’ म्हणतोच.

सतराव्या शतकापर्यंत ही सरमिसळ चालू होती. आणि मग तिला नियमाची चौकट देणारा माणूस आला. तो भाषेचा पंडित म्हणून मोठा झाला नव्हता. जॉन वॉलिस ऑक्सफर्डला १६४९ पासून भूमितीचा प्राध्यापक होता. अनंतासाठी आपण जे आडव्या आठसारखे चिन्ह काढतो ते त्याने १६५५ साली पहिल्यांदा वापरले. त्याआधीच्या यादवी युद्धात त्याने राजपक्षाची सांकेतिक पत्रे उलगडून संसदेच्या बाजूला दिली होती. अशा माणसाला इंग्रजीतली अव्यवस्थित वाटणारी गोष्टही एखाद्या सांकेतिक लिपीसारखी सोडवावीशी वाटली असेल तर नवल नाही. १६५३ साली त्याने इंग्रजीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेही लॅटिनमध्ये, कारण त्याचे वाचक इंग्रजी शिकू पाहणारे परदेशी होते.

वॉलिसने सांगितलेला नियम थोडक्यात असा. प्रथमपुरुषी ‘शॅल’ नुसते भाकीत करते, ‘विल’ वचन देते किंवा धमकी देते. द्वितीय आणि तृतीय पुरुषात हे उलटते. तिथे ‘विल’ भाकीत करते आणि ‘शॅल’ वचन देते किंवा धमकी देते. म्हणजे ‘आय शॅल गो’ हे ‘मी जाईन’, पण ‘आय विल गो’ हे ‘मी जाणारच’. ‘ही विल गो’ हे ‘तो जाईल’, पण ‘ही शॅल गो’ म्हणजे ‘त्याला जावेच लागेल, मी पाहून घेईन’.

हा नियम मनमानी नाही. मूळ अर्थ हाताशी ठेवले तर तो चटकन उलगडतो. मी स्वतःबद्दल ‘विल’ म्हटले तर माझी इच्छा पुढे येते, म्हणून निश्चय. तेव्हा नुसते भविष्य सांगायचे तर मी ‘शॅल’ घेईन. दुसऱ्याबद्दल ‘शॅल’ म्हटले तर त्याच्यावर देणे लादल्यासारखे होते, म्हणून आज्ञा. तेव्हा नुसते भविष्य सांगायचे तर त्याच्या इच्छेवर सोडून ‘विल’ म्हणावे. आपल्या बाबतीत कर्तव्य बोलावे, दुसऱ्याच्या बाबतीत त्याची मर्जी. यात सौजन्याचा एक विचार आहे आणि तो मला मनापासून आवडतो. एकोणिसाव्या शतकातल्या काही इंग्रज विद्वानांनीही नियमाचे समर्थन याच दिशेने केले. पण सुंदर विचार आणि लोकांची प्रत्यक्ष बोली या दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि वॉलिसच्या नियमाचे पुढे जे झाले ते यातूनच झाले.

१७५५ साली डॉ. जॉन्सनने आपल्या कोशात कबूल केले की परदेशी आणि प्रांतोप्रांतीचे लोक ‘शॅल’ आणि ‘विल’मध्ये गल्लत करतात आणि ‘शॅल’ समजावणे सोपे नाही. १७६२ साली रॉबर्ट लोथच्या व्याकरणात वॉलिसचाच नियम आला. हा लोथ पुढे लंडनचा बिशप झाला. आता वाचक परदेशी राहिले नाहीत. इंग्रज मुलांनाच त्यांची भाषा नियमाने शिकवायला सुरुवात झाली. १७९५ साली लिंडली मरे या अमेरिकेतून यॉर्कजवळ येऊन राहिलेल्या गृहस्थाने तिथल्या मुलींच्या शाळेसाठी व्याकरण लिहिले. त्या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, आणि इंग्रजी जिथे जिथे शिकवली गेली तिथे तिथे हा नियम पोचला.

नियम शाळेत आला तशी त्याच्या हाताने माणसांची प्रतवारी सुरू झाली. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये ‘विल’ सर्व पुरुषांत चालत असे, अजून चालते. दक्षिण इंग्लंडच्या सुशिक्षितांनी ती चूक ठरवली. त्यातून ती प्रसिद्ध गोष्ट जन्मली. नदीत पडलेला एक आयरिश, कधी स्कॉट, कधी फ्रेंच, ओरडतो, ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!’ नियमाप्रमाणे अर्थ झाला, मी बुडणारच, कोणी मला वाचवायचे नाही. काठावरचे इंग्रज टोप्या काढून आदराने उभे राहतात आणि तो बुडतो. ही गोष्ट व्याकरणाच्या पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या मजेने सांगितली गेली. मला ती वाचताना मजा वाटत नाही. बुडणाऱ्या माणसाची हाक न कळण्याइतका नियम मोठा मानणारी वृत्तीच तिच्यात दिसते, आणि हसे मात्र होते त्या बुडणाऱ्याचे.

१९०६ साली फाउलर बंधूंनी ‘द किंग्ज इंग्लिश’ या पुस्तकात ‘शॅल’ आणि ‘विल’वर पानेच्या पाने खर्च केली आणि तरीही सुरुवातीलाच सांगून टाकले की दक्षिण इंग्लंडच्या माणसाला हे उपजत येते, इतरांना शिकून येणे अवघड. ज्या भाषेचा नियम तिच्याच देशातल्या निम्म्या लोकांना येत नाही, तो भाषेचा नियम की एका वर्गाची खूण? या प्रश्नाचे उत्तर १९२५ साली चार्ल्स फ्राइज या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने शोधले. त्याने सोळाव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंतच्या इंग्रजी नाटकांतले संवाद तपासले, कारण बोलीच्या सर्वांत जवळचा लिखित पुरावा तोच. प्रथमपुरुषी ‘विल’ त्याला सर्व काळात मोठ्या प्रमाणावर आढळले. वॉलिसची चौकट लोकांच्या तोंडी तशीच्या तशी कधीच नव्हती.

ती चौकट भारतात आली आणि इथे ती इंग्लंडपेक्षा जास्त टिकली. १९३०च्या दशकात ‘रेन अँड मार्टिन’ या नावाने ओळखले जाणारे व्याकरण निघाले. यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि ‘बो जेस्ट’ या फ्रेंच परदेशी सैन्यदलावरच्या कादंबरीचे लेखक म्हणून जगाला माहीत झाले. मुंबई इलाख्यातल्या या अधिकाऱ्याच्या नावाचे पुस्तक देशभरच्या शाळांत गेले. नंतरच्या सुधारित आवृत्त्यांनी आज ‘विल’ सर्व पुरुषांत चालते हे मान्य केले, पण फळ्यावरचे कोष्टक सहजासहजी पुसले गेले नाही. आपल्या कोष्टकात वॉलिसचा अर्धाच नियम होता, ही त्यातली खरी हानी. ‘आय शॅल, यू विल’ शिकवले गेले. ‘आय विल’ आणि ‘यू शॅल’ यांचा अर्थ काय होतो, वचन आणि आज्ञा कुठून येतात, हे अनेक वर्गांत शिकवलेच गेले नाही. मूळ विचार गळून पडला, पाठांतर उरले.

दरम्यान ‘शॅल’ इतिहासाच्या मोठ्या प्रसंगी बोलले जात होते, आणि तेही नियमाला न जुमानता. जून १९४० मध्ये डंकर्कच्या माघारीनंतर चर्चिलने संसदेत समुद्रकिनाऱ्यांवर लढण्याविषयी बोलताना ‘वी शॅल’ची आवर्तने केली. वॉलिसच्या हिशेबाने प्रथमपुरुषी ‘शॅल’ म्हणजे नुसते भाकीत. ऐकणाऱ्या कोणालाही ते भाकीत वाटले नाही, ती प्रतिज्ञा होती. १९४२ साली फिलिपिन्स सोडून आलेल्या अमेरिकन सेनानी मॅकार्थरने परत येण्याची ग्वाही ‘आय शॅल’नेच दिली. ‘वी शॅल ओव्हरकम’ या गीताची कथा तर याहून बोलकी आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्स्टनमध्ये तंबाखू कामगार संपावर होते. तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या तोंडून हे गाणे टेनेसीतल्या हायलँडर शाळेत पोचले, तेव्हा त्यात ‘विल’ होते. पुढे नागरी हक्कांच्या चळवळीत ते ‘शॅल’ झाले. हा बदल नेमका कोणी केला याची एकाहून अधिक नावे सांगितली जातात. आपल्या शाळांमध्ये ‘हम होंगे कामयाब’ म्हणून जे गातात, ते हेच गीत. लोकांनी ‘शॅल’ निवडले ते व्याकरणासाठी नव्हे. बायबलचा, प्रार्थनेचा, टळू न शकणाऱ्या गोष्टीचा स्वर त्या शब्दात हजार वर्षे साठत आला होता. ‘आमची इच्छा आहे’ याहून ‘हे होणे ठरलेले आहे’ हे वजनदार. देण्याचा जुना अर्थ तिथे पुन्हा वर आला.

रोजच्या बोलण्यात मात्र ‘शॅल’ मावळते आहे. १९६१ आणि १९९१ च्या सुमाराच्या ब्रिटिश व अमेरिकन लिखाणाचे प्रत्येकी दहा लाख शब्दांचे सारखे नमुने भाषाशास्त्रज्ञांनी तुलनेला घेतले. तीस वर्षांत दोन्ही देशांत ‘शॅल’चा वापर सुमारे ४४ टक्क्यांनी घटलेला दिसला. बोलताना ‘आय’ल’, ‘वी’ल’ अशी आखूड रूपे आली की दोघांतला भेद तसाही ऐकू येत नाही. ती रूपे मुळात ‘विल’मधून आलेली आहेत. ‘वोन्ट’ हे जुन्या ‘वोल नॉट’मधून आले, ‘शान्ट’ हे ‘शॅल नॉट’मधून. ‘वोन्ट’ रोजच्या जिभेवर आहे, ‘शान्ट’ अमेरिकेत जवळपास नाही आणि ब्रिटनमध्येही कमी होत चालले आहे. गंमत अशी की बाप झिजले तरी मुलांनी वारसा राखला आहे. ‘शॅल’चे भूतकाळी रूप ‘शुड’ आजही ‘करायला हवे’ हे देणेच सांगते आणि ‘विल’चे ‘वुड’ आजही समोरच्याची इच्छा विचारते. म्हणून ‘वुड यू’ने केलेली विनंती मऊ वाटते.

एका जागी ‘शॅल’ आजही बदलता येत नाही, आणि ती जागा मराठी माणसाला सर्वांत लवकर कळावी. ‘शॅल आय कम?’ म्हणजे ‘मी येऊ का?’ यात समोरच्याची परवानगी, त्याची गरज विचारलेली आहे. ‘विल आय कम?’ म्हणजे ‘मी येईन का?’ आपण येणार की नाही हे दुसऱ्याला विचारणे चमत्कारिक. ‘शॅल वी गो?’ म्हणजे ‘निघू या का?’ मराठीत ‘येऊ का’ आणि ‘येईन का’ या दोन रूपांत जो फरक आहे तो लहान मूलही चुकत नाही. आयर्लंडमध्ये ‘विल आय मेक टी?’ म्हणतात आणि तिथे ते बरोबरच आहे. पण आपल्या मुलांना प्रमाण इंग्रजी शिकवायचे असेल, तर रिकाम्या जागांचे कोष्टक सोडून या प्रश्नरूपापासून सुरुवात करावी. मराठीच त्यांना अर्थ सांगेल.

आता पुन्हा कायद्याकडे. कारण ‘शॅल’चे आजचे मुख्य निवासस्थान तेच आहे आणि तिथे शब्दाच्या अर्थावर माणसांचे हक्क टांगलेले असतात. कायद्यातले ‘शॅल’ म्हणजे कर्तव्य, असे आपण मानतो. देण्याचा अर्थ तिथे शाबूत आहे असे वाटते. पण कायदे लिहिणाऱ्यांनी हा शब्द इतका सैल हाताने पेरला आहे की तो हुकूमही देतो, व्याख्याही करतो, अधिकारही बहाल करतो आणि कधी नुसते भविष्यही सांगतो. आपल्या घटनेतच पाहा. राष्ट्रपती असतील हे सांगणाऱ्या अनुच्छेद ५२ मध्ये ‘शॅल’ आहे, तिथे कोणा व्यक्तीवर कर्तव्य टाकलेले नाही, एक पद निर्माण केले आहे. राज्याने कोणालाही कायद्यापुढे समानता नाकारू नये हे सांगणाऱ्या अनुच्छेद १४ मध्येही ‘शॅल’ आहे, तिथे कडक मनाई आहे. सरकारी नोकरांवरील शिस्तभंगाच्या कारवाईत लोकसेवा आयोगाचा सल्ला घेतला जाईल, असे ‘शॅल’ने सांगणारा अनुच्छेद ३२० आहे. १९५७ साली उत्तर प्रदेशातून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की ही तरतूद मार्गदर्शक आहे, सक्तीची नाही. सल्ला घेतला नाही म्हणून कारवाई रद्द होत नाही. एकाच दस्तऐवजातला एकच शब्द राष्ट्रपतींना बांधतो आणि सरकारला त्या ठिकाणी सोडून देतो. न्यायालयाने संदर्भ, हेतू, परिणाम पाहून निर्णय दिला, त्याला तसे करावेच लागते. पण ज्या नोकराची नोकरी गेली त्याने तो शब्द कसा वाचला असेल?

हे फक्त आपल्याकडचे दुखणे नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९९५ साली न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी एका निकालपत्रात नोंदवले की कायदेपंडित कधी कधी ‘शॅल’ हे ‘शुड’, ‘विल’, इतकेच काय ‘मे’च्या अर्थानेही चुकीने वापरतात. त्या देशातले दिवाणी प्रक्रियेचे संघीय नियम नव्या भाषेत लिहून डिसेंबर २००७ पासून लागू झाले, तेव्हा त्यांतून ‘शॅल’ काढून टाकले. जिथे सक्ती आहे तिथे ‘मस्ट’ घातले. दक्षिण आफ्रिकेने वर्णभेदानंतर १९९३ साली हंगामी घटना केली तीत ‘शॅल’ होते. सामान्य माणसाला वाचता यावी म्हणून १९९६ ची कायमची घटना सोप्या इंग्रजीत लिहिली, तिच्यात कर्तव्यासाठी ‘मस्ट’ आले. ज्या देशात माणसांना कायद्याच्या भाषेनेच इतकी वर्षे खाली दाबले गेले होते, त्याने हा निर्णय घ्यावा याला मोठा अर्थ आहे.

मराठीतही प्रश्न सुटलेला नाही. आपली राजपत्रे, नियमावल्या, उपविधी ‘शॅल’चे भाषांतर बहुधा ‘-ईल’ने करतात. ‘समिती दर महिन्याला बैठक घेईल’, ‘सदस्य शिक्षेस पात्र होईल’. मराठीचे ‘-ईल’ हेही इंग्रजी ‘शॅल’इतकेच दुतोंडी आहे. घरात मोठ्या माणसाने ‘तू उद्या सातला येशील आणि हे काम पुरे करशील’ म्हटले तर तो हुकूम आहे, हे आवाजावरून कळते. कागदाला आवाज नसतो. ‘समिती बैठक घेईल’ हे आश्वासन आहे, अंदाज आहे की बंधन? ‘समितीने बैठक घेतलीच पाहिजे’ किंवा ‘घेणे बंधनकारक आहे’ असे लिहिले तर शंका राहत नाही, आणि कुठे काही न झाल्यास जाब कोणाला विचारायचा हेही कळते.

माझे मत सरळ आहे. बोलण्यात, प्रार्थनेत, ‘शॅल आय?’ या प्रश्नात ‘शॅल’ राहू द्यावे, तिथे त्याचे काम दुसरा शब्द करू शकत नाही. कायद्यात आणि करारात मात्र त्याला निवृत्त करावे. कर्तव्य असेल तिथे ‘मस्ट’ लिहावे, मराठीत ‘-लेच पाहिजे’ लिहावे, आणि ते कर्तव्य कोणाचे हे कर्त्यासह लिहावे. ते होईपर्यंत आपल्या हाती एवढेच आहे. भाडेकरार, नोकरीचे पत्र, विम्याचा कागद, सोसायटीचे उपविधी यांवर सही करण्यापूर्वी त्यातले प्रत्येक ‘शॅल’ पेन्सिलीने अधोरेखित करा आणि प्रत्येकापुढे लिहा : हे देणे कोणाचे, कोणाला, आणि ते चुकवले तर काय. ज्या ‘शॅल’पुढे तुम्हाला हे लिहिता येणार नाही, ते समोरच्याकडून सहीपूर्वीच स्पष्ट करून घ्या.